पायवाटेतलं जातं

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

"ही कोण?" म्याडमनी विचारलं.

मी म्हणालो, "भांडीवाली हाय."

ती माझी आय होती.

वरंधच्या वरच्या अंगाला म्याडमचा बंगला मीच उभा केला. मुकादम होतो. मातकट भिंती, मोठाल्या काचा, दरीच्या काठाला स्विमिंग पूल, भोवती विकत आणलेल्या केळी. विकत! आमच्या मुलखात! म्याडमना हिरवळीतून पायवाट हवी होती, "गावाकडच्या जुन्या दगडांची". मी आमच्या बौद्धवाडीतून दळायची जुनी जाती गोळा केली. पीठ गिरणीतून येतं, जाती कोपऱ्यात पडून. आयचंही उचललं.

ती म्हणाली, "ने रे. पन पाय नको लागू देऊस कुनाचा."

"शोभेला मांडनार हायत गो," मी म्हणालो.

आमच्यात लग्नाची हळद अजून जात्यावरच दळतात. चुकून पाय लागला तर बायका वाकून हात लावतात, कपाळाला नेतात. मला ठाऊक नव्हतं असं नाही.

एका रविवारी ती लेकाचं काम बघायला आली. पाहुणे पूलमधून निघून ओल्या चपलांनी जात्यांवरून जात होते. टवका उडालेलं आपलं जातं तिनं लगेच ओळखलं. खाली बसली. पदरानं चिखल पुसू लागली. तेवढ्यात म्याडम आल्या. माझं उत्तर ऐकून म्हणाल्या, "मग मागच्या दारानं पाठव ना. फोटो चाललेत."

"जाते बाय," आय म्हणाली. एकाही जात्यावर पाय न देता कडेच्या चिखलातून गेली. घरी मला भाकरी वाढली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्याडमचा हुकूम आला, "तो एक दगड हलतोय, सिमेंटनं पक्का कर." आयचाच. मी पहार घातली ती उपटायलाच.

"अरे, सगळं डिझाइन बिघडेल!"

"बिघडू दे. आमचं हाय."

तेव्हाही 'आयचं' म्हणालो नाही. जातं खांद्यावर टाकून पुढच्या फाटकातून निघालो. काम गेलं.

बाकीची जाती अजून तिथंच आहेत. कुठलं कुणाचं, मला पाठ आहे. भर गर्दीच्या रविवारी वाडीतल्या त्या बायकांना घेऊन जाणार. पहारी आमच्या. सगळी पायवाट उपटणार. मग पाहुण्यांनी चिखलातून चालावं, आय चालली तसं. सूड म्हणा. सूडच आहे.

जातं आयला परत दिलं. पण त्याच हिरवळीवर, सगळ्यांदेखत, तिचा हात धरून "ही माझी आय हाय" म्हणायचं देणं अजून माझ्याकडे बाकी आहे.