जोतीरामच्या व्हॅनमधला वाकडा खोका

इंदापुरात महिपती कोळेकराइतका संशयी माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्यावर माझ्याइतका संशय घेणाराही दुसरा नव्हता. त्यामुळं आमचं छान जमायचं. घराणं मेंढरं राखणारं. पण हा वालचंदनगरला लाकडी साचे करायला शिकला आणि स्टँडमागं दुकान टाकून गाड्यांच्या स्पीकरचे खोके करू लागला. आपली युक्ती कुणी चोरील म्हणून शटर अर्धं ओढूनच काम करायचा. आतून धान्य ओतल्याचा आवाज येई. "आबा, भाईर बसा," मला बजावायचा. मग मीही बाहेर बसून चौघांना सांगायचो, आत काहीतरी करणी चाललीय बरं का!

शहाण्णव साली जोतीराम मारुती व्हॅनमधून इंदापूर-बारामती वडाप करायचा. कॉलेजची पोरं टेप दणदणीत असेल त्याच गाडीत बसत. म्हणून ह्यानं पुण्याहून दहा इंची वूफर, म्हणजे दणक्याचा मोठा स्पीकर, आणला. महिपतीला अट एकच घातली: "तात्या, शीट येक बी कमी व्हता कामा न्हाय."

मोकळी जागा काय ती मागच्या सीटखाली. तिथंही एका अंगाला चाकाचा उंचवटा, दुसऱ्या अंगाला जॅक. महिपतीनं पुठ्ठे कापून त्या सांदीचा साचा काढला आणि प्लायचा असा वाकडा खोका जोडला की त्याला कोपरे किती, हे त्यालाच ठाऊक. वूफरच्या कागदावर लिहिलं होतं, आतली पोकळी तीस लिटर हवी. वाकड्या खोक्याचे लिटर मोजणार कसे? तर महिपती त्यात बाजरी ओतायचा. त्याच्या मापानं सपाट एक शेर म्हणजे एक लिटर. तीस शेर मावली की खोका बरोबर. त्या दिवशी नेमकी हाताला पटाशी लागलेली. परकं माणूस आत नको, म्हणून माप घालायला बायको सरूबाई बसली. तिसाव्या शेराला खोका काठोकाठ भरला.

खोका सीटखाली चपखल बसला. पण तिसऱ्या दिवशी जोतीराम भर स्टँडवर ओरडला, "वूफर बदलला ह्यानं! पुण्याच्या दुकानात कसा दणका व्हता, आन् आता नुसतं ढब-ढब करतंय!"

इंदापूरच्या स्टँडवर पडलेला शब्द गाडीच्या आधी बारामतीला पोचतो. मीही थोडा हातभार लावला, लपवत नाही. दोन गिऱ्हाइकं अर्धवट खोके टाकून गेली. महिपतीला उलट जोतीरामचाच वहीम: "ह्यानंच वूफर इकला आसंल, आन् माझ्या गळ्यात बांधतोय."

शेवटी जोतीराम व्हॅन घेऊन दारात आला. "आणला तवाच म्या लोहचुंबकामागं खिळ्यानं खूण केलीया. काढा भाईर!"

वूफर काढून उलटा केला. खूण जागच्या जागी. जोतीरामचं तोंड एवढंसं झालं.

"मग खोकाच चुकला म्हणायचा," मी हळूच काडी टाकली.

चोर म्हटलेलं परवडलं, पण हे महिपतीला सोसवेना. त्यानं शटर पार वर ढकललं. "सगळ्यांदेखत मोजतो! सरू, आण बाजरी."

सरूबाईनं पहिला शेर भरला, त्यावर ओंजळीनं टोकदार शीग चढवली आणि ओतला.

महिपतीचे डोळे विस्फारले. "अगं, सपाट मोज की!"

"सपाट? अवं, माज्या म्हायेरी दारच्या मागणाऱ्याला बी कुणी बिनशिगंचं दिलं न्हाय. घरच्या मान्साला तसलं माप घालू व्हय?"

सपाट मोजली, तर पस्तीस शेर मावली! महिपतीनं आत लाकडाचे ठोकळे स्क्रूनं आवळून जास्तीची पोकळी बुजवली आणि वूफर बसवला. टेप लावताच शेजारच्या हॉटेलात कपबश्या नाचू लागल्या.

जोतीराम खुशीत निघाला, तर महिपतीनं त्याचं मनगट धरलं. "स्टँडवर चल. जितं बोललास, तितंच फिरून बोल."

गेले. जोतीराम व्हॅनच्या दारात उभा राहून पुटपुटला, "वूफर माजाच हाय. तात्यानं बदलला न्हाय." टेपच्या दणक्यात कुणाला ऐकू जाणार? बेट्यानं तो मुद्दामच चालू ठेवला असावा, असा माझा संशय.

महिपतीनं आत हात घालून टेप बंद केला.

"हां. आता बोल."