आरएनएची घडी

जालना-मंठा बसमध्ये एक तरुण मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मी बियाण्यांचा व्यापारी. भागीदार भांडून गेल्यापासून मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. ती तिकिटाची घडी घालायची, उलगडायची आणि डोळे पुसायची. शेवटी मीच विचारलं, "काय झालं, माय?"

"संशोधन सोडून घरी चालले, काका. आमचा आरएनए घडीच घेत न्हाई."

तेवढ्यात तिला प्रयोगशाळेतून फोन आला. ऐकता ऐकता ती ओरडली, "मॅग्नेशियम!"

मग मला समजावू लागली. "आरएनए म्हणजे लांब धागा. सगळ्या अंगावर ऋण भार, म्हणून त्याचे भाग एकमेकांना ढकलतात. मॅग्नेशियमचे धन भाराचे आयन मधे आले की ते जवळ येतात. पण आरएनए ज्या साठवणीच्या द्रावणात होता, त्यानंच मी टाकलेलं मॅग्नेशियम धरून ठेवलं, आरएनएला उरलंच न्हाई. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं आज जास्त टाकलं, अन् घडी बराबर बसली! मी उगाच धाग्याला दोष देऊन राह्यले होते."

"मंग मंठ्याला कशाला चालली? उतर जल्दी!"

"इथं थांबा न्हाई," कंडक्टर म्हणाला. मी त्याच्याशी असा भांडलो की ड्रायव्हरनंच बस थांबवली.

ती धावत रस्ता ओलांडून, हात दाखवून थांबवलेल्या परतीच्या बसमध्ये चढली. भागीदार गेल्यानंतर पहिल्यांदाच, कुणासाठी तरी भांडून, मला मोकळं वाटलं.