हिऱ्यातली खोट

आईला पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून उठवलं. माझ्याच सत्काराला. माझ्याच शाळेत.

शाळा अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावची. संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा वाकून म्हणाला, “मावशे, मागं जा. पाव्हणे यायलेत.” आई उठली. सवयीनं उठली. जन्मभर तिनं यांच्याच रानात खुरपलं. यांच्या दारात ओंजळीनं पाणी प्याली, वरून ओतलेलं. मी मंचावर होते. गळ्यात हार.

मी पुण्यात हिऱ्यावर संशोधन करते. दागिन्यासाठी नाही. हिऱ्यात कार्बनचे अणू ओळीनं बसलेले असतात. एखाद्या जागी नायट्रोजनचा अणू शिरतो, शेजारची जागा रिकामी राहते. हीच हिऱ्यातली खोट. त्या जोडीवर हिरवा उजेड टाकला की ती लाल चमकते. चुंबक जवळ आणलं की ती लाली किंचित उतरते. डोळ्याला कळत नाही, यंत्राला कळतं. त्यावरून अगदी क्षीण चुंबकत्व मोजता येतं. पोरांना दाखवायला मी ते यंत्र एसटीत मांडीवर घेऊन आले होते.

अध्यक्षांना हे आधीच सांगितलं होतं. त्यांनी ते भाषणात घातलं. “हिऱ्यात खोट असती, म्हणून त्यो कामाला येतो. ही पोरगीबी तशीच. जातीची खोट असून चमकली.”

टाळ्या पडल्या. माझे गुरुजीही वाजवत होते. मागं खांबाला टेकून आई उभी. तिनंही वाजवल्या. तिला वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय.

ते मला सोसलं नाही.

हार काढून टेबलावर ठेवला. माईक घेतला. “खोट हिऱ्यात असती. माझ्या जातीत न्हाई. माझ्या मायला उठवणाऱ्यात हाय.”

अध्यक्ष हळूच म्हणाले, “लई शिकलीस, म्हणून बोलायलीस.”

“हाव. त्याच्यासाठीच शिकले.”

यंत्र उचललं, आईला घेतलं, वस्तीवर आले. समाजमंदिराची दारं लावून अंधार केला. पोरी दाटीनं बसल्या. यंत्राचा हिरवा उजेड सोडला. तो अडवणाऱ्या लाल काचेतून हिरा निखाऱ्यासारखा दिसला. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आता त्या शाळंत तुला बोलवणार न्हाईत.”

“न्हाई तर न्हाई.”

पुढच्या आठवड्यात संस्थेचा निरोप आला. माफी माग, गुणवंतांच्या फलकावर नाव लावू.

मी उलट कळवलं. माफी तुम्ही मागायची. आईची. आमच्या घरी येऊन. तोवर माझं नाव तुमच्या भिंतीवर दिसलं, तर मी स्वतः येऊन खरवडून काढीन.