वीरभद्राच्या पोटऱ्या

शेवटच्या दिशी सकाळी माझा धाकटा भाऊ वीरभद्र म्हणला, "अक्का, आपल्यात माणूस मेल्यावर बसवून पुरत्यात. मी तर सहा वर्सं बसूनच हाय. मला आडवं घाल."

म्या म्हणलं, "गप चहा पी."

दुपारी बसल्या जागी मान पडली. संपला. अठ्ठावीस वर्साचा होता. साल श्याऐंशी.

आमी जळकोटचे. लहानपणी त्याच्या पोटऱ्या लई मोठ्या, पहिलवानासारख्या. म्हणून धोंडप्पा काकांनी त्याला तालमीत घातलं. तिथं तो पडायचाच, मांडीवर हात टेकत टेकत उठायचा. बहात्तरच्या दुष्काळात आमी सगळे खडी फोडायला जायचो. त्याला पाटी उचलंना. काका म्हणायचे, "एवढ्या पोटऱ्या काय दाखवायला आणल्यास?" लोकं हसायची. मी बी हसले. आळशी म्हणले त्याला.

चार वर्सांनी सोलापूरला नेला. डॉक्टरनं दोन्ही हातांची बोटं एकमेकात सरकवून दाखवली. म्हणला, मांसात केसाहून बारीक तंतू असत्यात, त्यात दोन जातीची प्रथिनं. ती अशी एकमेकात सरकली की पाय हलतो. याचे तंतू तुटायलेत आन त्या जागी चरबी भरायली. पोटरी दिसायला मोठी, आत जोर न्हाय. औषध बी न्हाय. परत येताना वीरभद्र एस्टीत वाटभर बोटं सरकवत बसला.

मग पाय गेले. गुडघे वाकले ते वाकलेच. दूध सोसायटीत त्याला खुर्चीवर बसवून यायचो. दुधात काचेची नळी सोडून कुणी पाणी घातलंय ते धरायचा. "मावशी, म्हस नदीत बुडाली व्हती का?" म्हणायचा. पुढं हात बी उचलंना, मग घरीच, दारातल्या खुर्चीत.

मेल्यावर काका त्याची मांडी घालाया बसले. पाय वळंना. काकांनी गुडघ्यावर जोर दिला. म्या त्यांचा हात धरला.

"नका काका. जिता व्हता तवा लई जोर लावला आपण."

त्यानंच आडवं घाल म्हणलं व्हतं, ते म्या सांगितलं न्हाय. रीत मोडती म्हणून कुणी ऐकलं नसतं.

विधीला आलेल्या मठाच्या स्वामींनी पाय चाचपून बघितले. म्हणले, "न्हाय वळत तर कुशीवर निजवा."

खड्डा बसायच्या मापाचा खांदला व्हता. धोंडप्पा काका सत्तरीचे, सोता आत उतरले.

"अजून दोन हात लांब लागंल," म्हणले, आन वर हात करून कुदळ मागितली.