सुखदेवची पात

लढाई संपून सहा महिने झाले होते, तरी आमची प्लॅटून पंजाबच्या सीमेवरच होती. सुरुंगांचे काही पट्टे साफ व्हायचे होते. भोवती तार आणि लाल खुणा. रोज सकाळी ५.३० ला तिघांची गस्त तारेबाहेरून फिरून येई: पुढे सुखदेव, मध्ये हवालदार साहेब, मागे मी.

सुखदेव सानगडीचा, मी जवळच्याच दिघोरीचा. दोघांचेही बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी, आया रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, मजुरीने जात. स्वतःची भाताची एक बांधी नाही, पण सुखदेवची ऐट अशी, की सानगडीचा सगळा धान जणू त्याच्या आईनेच लावला. रोवणा मागे सरकत करतात. पुढे चालाल तर लावलेलेच तुडवाल. प्रत्येकाच्या वाट्याला एक पट्टा, ती त्याची पात. भरती होईपर्यंत सुखदेव आईच्या शेजारची पात धरायचा. बायका चिडवत, हा खुशाल रोवत राही. पुढे तीन पावसाळे सुटी मिळाली नाही. यंदा जुलैची मंजूर झाली. माझी पात राखून ठेव, असे त्याने आईला कळवले. पत्र मी लिहिले, कारण त्याचे अक्षर त्याचे त्यालाच लागत नसे.

जूनमध्ये एका रात्री आंधी आली, मागोमाग पाऊस. सकाळी तार कुठे आडवी झाली ते कळेना. ५.५० ला सुखदेव थांबला. त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर सुरुंगाचे झाकण उघडे पडले होते. आम्ही पट्ट्याच्या आत होतो.

साहेबांनी वायरलेस सेटवर कळवले. सुरुंग काढणाऱ्या इंजिनियर्सना पोहोचायला तीन तास लागणार होते. पश्चिमेला पुन्हा ढग चढत होते, आणि पाऊस आला की चिखलातले आमचे ठसे पुसले जाणार. साहेबांनी परत फिरण्याचा हुकूम दिला. मी वळू लागलो तसा सुखदेव बोलला.

"वळू नोको, पाय फिरते. रोवण्यात सरकतो तसा मांगं सर."

आपापल्या ठशांत पाय ठेवत आम्ही सरकलो. ६.२० ला मी बाहेर आलो, मग साहेब. सुखदेव सात पावले दूर असताना पाऊस कोसळला.

"दिसून नाई रायलं. तू सांग."

मी सांगू लागलो. डावा, वीतभर मागे. उजवा, सरळ. डावा. तीन पावले बरोबर पडली. चौथे मी चुकीचे सांगितले की त्याचा पाय घसरला, हे मला आजही माहीत नाही. ६.३४.

जुलैमध्ये त्याची पेटी घेऊन मी सानगडीला गेलो. तो गेल्याची तार आधीच पोहोचली होती. त्याची आई मालकाच्या बांधीत रोवत होती आणि तिच्या शेजारची पात धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, या बांधापासून त्या बांधापर्यंत, रिकामी होती. मालक कुरकुरला, तरी तिने कोणाला तिथे उतरू दिले नव्हते. धुऱ्यावर उभा राहून मी सगळे सांगितले. चौथे पाऊलही सांगितले. तिने हातातले पऱ्हे संपवले, मग रोपांची दुसरी पेंडी माझ्याकडे धरली.

"बूट काढ, बापू. त्याची पात तूच रोव."

मी उतरलो. तिने माझ्याकडे एकदाही वळून पाहिले नाही, पण मी मागे पडलो की ती थांबत होती.

पेन्शन घेऊन गावी आल्यापासून रोवण्याला मी दरवर्षी सानगडीला जातो. त्याची आई आता नाही. सुखदेवची फार आठवण येते. एक पात रोवतो, मागे सरकत. तीन पावले सहज पडतात.