करपलेल्या भाकरीची धनीण

भागामावशी आकड्यावर स्वयंपाक करत नसे. आमच्या मावळातल्या एका सरकारी बालगृहात ती स्वयंपाकीण, मी फाटकावर राखणदार. कार्यालयातून रोज चिठ्ठी यायची, ‘मुली बत्तीस’. मावशी त्या चिठ्ठीनं शेगडी पेटवायची आणि नाव घेऊन एकेक भाकरी थापायची. "ही संगीची. ही छबीची, करपलेली लागती भवानीला."

मी चौथीत दोनदा बसलेलो. म्हणजे एकदा बसणाऱ्यापेक्षा दुप्पट शिकलो, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. अक्षर मात्र वळणदार.

सरकारचं मुलींवर भारी प्रेम. साहेब येणार म्हटलं की कपाटातल्या फुलाफुलांच्या चादरी खाटांवर यायच्या. मुलींनी त्यावर बसायचं नाही. साहेबांची गाडी वळली की चादरी पुन्हा कुलपात. मावशी म्हणायची, "काळजी म्हंजी अशी! आजवर एक चादर हरवली न्हाई."

मग छबी हरवली. अकरा वर्षांची, मागंपुढं कुणी नसलेली. मी तेव्हा फाटक सोडून अधीक्षकबाईंच्या घरची भाजी आणायला गेलो होतो. संध्याकाळी करपलेली भाकरी उरली, तशी मावशी पिठाच्या हातानंच फाटकावर माझ्याकडे पळत आली. "आबा, छबी कुटंय?"

अधीक्षकबाई म्हणाल्या, "चार दिवसांवर तपासणी आहे. आत्ता बोभाटा नको. येईल ती." हजेरीत छबी हजर लागली. माझ्या वहीत मी लिहिलं, ‘कोणी बाहेर गेले नाही.’ फार सुरेख लिहिलं.

मावशी एकटीच पोलीस चौकीत गेली. तिथं म्हणाले, संस्थेचं पत्र आणा.

तपासणीच्या दिवशी मुली जेवायला बसल्या. एका ताटासमोर जागा रिकामी. ताटात करपलेली भाकरी.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"छबीचं, सायेब."

"कुठे आहे ती?"

"तुमच्या वहीत हजर हाय की. चार दिस वाढती, पर जेवत न्हाई. तुमी तरी सांगून बघा."

त्यानंतर कुठं फोन फिरले. दोन दिवसांनी छबी सापडली, लोणावळ्यात एका बंगल्यावर, पाहुण्यांची भांडी घासताना. मालक म्हणाला, अनाथ लेकराला आसरा दिला. असे दानशूर आमच्याकडे पुष्कळ.

चौकशी झाली. अधीक्षकबाईंना शिक्षा म्हणून त्यांच्या घराजवळ बदली मिळाली. मावशीला कामावरून काढलं. कारण, चार दिवस अन्नाची नासाडी. मला काहीच नाही, माझी वही स्वच्छ होती.

जाताना मावशी फाटकात थांबली. "आबा, तुमचं अक्षर लय देखणं. कवातरी खरं बी लिवा."

मी फाटक लावून घेतलं. मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

गेल्या माघात ती आपल्या गावी, टाकव्याला वारली. मुलींनी मातीला जायची परवानगी मागितली. नव्या अधीक्षकबाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "नात्यात बसत नाही."

संध्याकाळी छबीनं आपल्या शेजारी एक ताट वाढलं. समोर कुणी नव्हतं.

"हे कुणाचं?" बाई ओरडल्या.

"मावशीचं. ती हजर हाय."

बाई माझ्याकडे वळल्या. "आबा, कोणी आत आलंय का?"

"व्हय," मी म्हणालो. फाटकावर जाऊन वही उघडली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘भागामावशी आत आली.’

बाहेर गेल्याचा रकाना कोरा ठेवला.