तेरा किलो दोनशे

मुकुटबनच्या शाळेमागे जी अंगणवाडी आहे, तिथे ममता गेली अकरा वर्षं सेविका आहे. बेचाळीस लेकरं, सात गरोदर बाया, नऊ अंगावर पाजणाऱ्या. या सगळ्यांचं वजन, उंची, लस, आहार, आधार, सगळं एका मोबाइलमध्ये भरायचं. मोबाइल सरकारी. तो तापला की बंद पडतो आणि बंद पडला की सकाळपासून भरलेलं उडून जातं. मग ममता त्याला पदराने पुसते, पाण्याच्या माठाला टेकवून ठेवते आणि तो गार होईपर्यंत लेकरांच्या नाकाचा शेंबूड काढत बसते. आहाराची पाकिटं वाटायची तर आधी बाईचा फोटो काढावा लागतो, आणि फोटोत तिने पापणी मिटून उघडली पाहिजे. एक बाई हसू आवरत नाही, दुसरीचं लेकरू कॅमेऱ्यापुढे हात नाचवतं, तिसरी डोळे मिटते ते उघडतच नाही. असे दिवस जातात.

घरी दोन मुलं. संघदीप सातवीत. तो समोर ठेवलेलं सगळं खातो आणि लपवून ठेवलेलं शोधून खातो. धाकटी दीपा साडेचार वर्षांची. ती काहीच खात नाही. नवरा राजदीप राजूरला कोळशाच्या खाणीवर डंपर चालवतो, तिकडेच खोली करून राहतो आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो. सुट्टीच्या दिवशी तो झोपतो आणि उठला की घरातल्या गोष्टी अशा नाही, तशा असायला पाहिजेत, असं सांगतो. चौथं माणूस म्हणजे सासू, तुळसाबाई.

दीपाची सकाळ म्हणजे ममताची परीक्षा असे. पोळीचा घास तोंडात घातला की पोरगी तो गालात ठेवायची. गिळायची नाही, थुंकायचीही नाही. एक गाल फुगवून आईकडे टकामका बघत राहायची. इकडे संघदीपला मोजे सापडत नाहीत, सासूला अंघोळीचं पाणी पाहिजे, मोबाइलवर सेविकांच्या ग्रुपवर सुपरवायझर मॅडमचे तीन मेसेज येऊन पडलेले, आणि आठ वाजता कॉन्व्हेंटची व्हॅन दारात हॉर्न वाजवते. ममता घड्याळाकडे पाही, गालाकडे पाही आणि शेवटी ताट उचलून नेई. पोरगी तोच घास गालात घेऊन व्हॅनमध्ये चढे.

कॉन्व्हेंट ही राजदीपची हौस. आपली पोरगी टाय लावून शाळेत जावी, असं त्याचं म्हणणं. ममताने एकदा सांगून पाहिलं की, अंगणवाडी घरापासून पाच मिनिटांवर आहे, मी स्वतः तिथं शिकवते, लेकरू डोळ्यांसमोर राहील. त्यावर तो म्हणाला होता, दुसऱ्याची लेकरं शिकवायला ठीक आहे, आपली तिथं कशाला. ममताला राग आला होता, पण त्या दिवशी तिची मासिक बैठक होती. भांडायचं राहून गेलं.

साडेबाराला व्हॅन दीपाला घरी सोडायची. दुपारचं जेवण आजीच्या ताब्यात. ममता सकाळीच वरणभात करून झाकून जायची. तीन-साडेतीनला ती यायची तेव्हा पातेलं अर्ध्यावर आलेलं असे. आजी म्हणायची, जेवली थोडंसं. ममता विश्वास ठेवायची. विश्वास ठेवला की पाच मिनिटं पाठ टेकता येई.

दर महिन्याला वजनाचा दिवस असतो. भागातल्या सहा वर्षांच्या आतल्या प्रत्येक लेकराचं वजन घ्यायचं, मग ते अंगणवाडीत येवो की कॉन्व्हेंटात जावो. दीपा त्या वेळी शाळेत असे. जुलै महिन्यात ममताने ठरवलं की, संध्याकाळी काटा घरी नेऊन करू. संध्याकाळी पाऊस होता. तिने मागच्या आकड्यात दोनशे ग्रॅम वाढवले आणि भरून टाकले. ऑगस्टमध्ये तसंच केलं. सप्टेंबरमध्ये तर तिला आठवलंही नाही की आपण अंदाजे भरतो आहोत. बोट आपोआप गेलं.

त्याच ऑगस्टमध्ये तिने सुखीबाईला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. सुखीबाईचं रस्त्यावर लहानसं किराणा दुकान आहे, आणि तिचा नातू, तीन वर्षांचा नयन, वजनात मागे पडला होता. मोबाइलमध्ये असं लेकरू पिवळ्या रंगात दिसतं. पिवळं म्हणजे कुपोषणाची पहिली पायरी. ममताने बायांच्या घोळक्यात विचारलं होतं, घरात दुकान असून पोरगा असा काहून, दिवसभर चहा-बिस्किटावर ठेवता का त्याले. सुखीबाई खाली मान घालून गेली होती. ममताला तेव्हा आपण आपलं काम चोख केलं असं वाटलं होतं.

ऑक्टोबरच्या वजनाच्या दिवशी सुपरवायझर मॅडम न सांगता आल्या. सगळी लेकरं माझ्यापुढे मोजा म्हणाल्या. कॉन्व्हेंटातलीही बोलवा. मदतनीस लालीबाई, वीस वर्षं त्याच अंगणवाडीत खिचडी शिजवणारी, चप्पल घालून निघाली आणि अर्ध्या तासात सहा लेकरं घेऊन आली. त्यांत टाय लावलेली दीपा होती.

मॅडमनी टाय, बूट, जाडा गणवेश काढायला सांगितलं. दीपा नुसत्या शमीजवर काट्यावर उभी राहिली. आकडा थरथरला आणि थांबला. तेरा किलो दोनशे. उंची एकशे दोन. मोबाइलमध्ये आधीचा आकडा होता चौदा किलो चारशे.

ममताने काटा शून्यावर आणून पुन्हा मोजलं. तेवढंच. भोवती पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. सुखीबाई नयनला कडेवर घेऊन अगदी पुढे होती, आणि तिला आकडे वाचता येत होते.

मॅडमनी आवाज उतरवून म्हटलं, घरचंच लेकरू आहे, बारीक चण असेल, उद्या परत घेऊन भरलं तरी चालेल. त्यांनी वाट करून दिली होती. ममताने दीपाकडे पाहिलं. रोज बघायची ती लेक आणि काट्यावर उभी असलेली ही पोरगी यांत फरक होता. गळ्याच्या हाडाशी खळगे पडले होते. दंड तिच्या दोन बोटांच्या कड्यात मावला असता. दुसऱ्याचं लेकरू असतं तर हे तिला दारातून आत येतानाच दिसलं असतं. ही मात्र रोज गाल फुगवून समोर बसत होती, आणि ममताला फक्त तो गाल दिसत होता.

तिने आकडा भरला. पडदा पिवळा झाला. मॅडमनी भेटीच्या वहीत आधीच्या तीन महिन्यांबद्दल दोन ओळींचा शेरा लिहिला आणि ममताने त्याखाली सही केली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. अंगणवाडीवाल्या बाईचीच पोरगी पिवळी. राजदीपचा फोन आला, तोही तेच ऐकून. कोणी त्याला राजूरपर्यंत कळवलं होतं देव जाणे. तो म्हणाला, खोटं भरलं असतं तर काय बिघडलं असतं. ममता म्हणाली, तीन महिने तेच केलं. पुढे तो काय बोलला ते तिने ऐकलं नाही, कारण कुकरची चौथी शिट्टी झाली होती आणि संघदीप भूगोलाचा नकाशा रंगवायला पिवळा खडू मागत होता.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास सुखीबाई घरी आली. जयभीम झालं, खुर्ची दिली. ती इकडेतिकडे पाहत बसली. ममताला वाटलं, ही हिशेब चुकता करायला आली आहे, आणि तिने मनातल्या मनात तयारीही केली. पण सुखीबाईने सरळच सांगितलं.

"ताई, मी काही बोलून दाखवाले नाही आली. पन तुमची पोरगी रोज दुपारी माह्या दुकानात येते. आजीच आनते तिले. पोंग्याचं एक पाकीट आन् बिस्किटाचा पुडा. मले वाटलं तुम्हाले मालूम असंन."

तिला मालूम नव्हतं. तुळसाबाई आतल्या खोलीत लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

सुखीबाई गेल्यावर ममताचा बांध फुटला. ती आवाज चढवून बोलणारी बाई नाही, पण त्या दिवशी शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू गेलं. वरणभात करून ठेवते तो कुठे जातो, गाईपुढे की नालीत. सगळ्या गावाला सांगत फिरते बाहेरचं खाऊ घालू नका, आणि माझ्याच घरात हे. लोकांना तोंड कसं दाखवू. सासू लसणाची टरफलं पदरात गोळा करत राहिली. ममता दम घ्यायला थांबली तेव्हाच ती बोलली.

"तू तिकडं चाळीस लेकरायले पुढ्यात बसून खाऊ घालते. हिच्या मुखात घास देऊन तू फोन पाहते आन् दहा मिन्टात ताट उचलते. दुपारी ती माह्याजवळ रडते. मले आता रडनं सहन होत नाही. पाकीट दिलं का चूप होते."

ममताला सुचली ती उत्तरं खोटी होती. तिला सासूचा संताप आला, नवऱ्याचा आला, मोबाइलचा आला, कॉन्व्हेंटच्या व्हॅनचा आला. सगळ्यात जास्त याचा आला की, म्हातारी बरोबर बोलत होती आणि आता रात्रीचा स्वयंपाक करायचा होता.

त्या आठवड्यात दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. ममताने व्हॅनवाल्याला सांगितलं की, साडेबाराला पोरीला घरी नाही, अंगणवाडीत सोडायचं. राजदीपला विचारलं नाही, कळवलं. तो कुरकुरला. तिने फोन लालीबाईच्या हातात दिला, आणि लालीबाईने त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पहिल्या दिवशी ममता स्वतः वाटी घेऊन दीपापुढे बसली. पोरीने घास गालात ठेवला. ममताच्या डोक्यात सणक गेली. लालीबाईने तिच्या हातून वाटी काढून घेतली आणि म्हणाली, ताई, तुम्ही तुमचं रजिस्टर भरा, इकडं पाहू नका. मग तिने दीपाला नयनच्या शेजारी रांगेत बसवलं, पुढ्यात खिचडी वाढली आणि पुढच्या लेकराकडे गेली. कोणी तिला खा म्हटलं नाही. नयन दोन्ही हातांनी खात होता. दीपा त्याच्याकडे बघत राहिली, मग तिनेही हात घातला. चौथ्या दिवशी तिने दुसऱ्यांदा मागितली. ममता रजिस्टरवरून मान वर न करता हे सगळं पाहत होती. आनंद झाला, पण आधी चीडच आली. घरी हीच डाळ, हाच तांदूळ, त्यावर घरचं तूपही. मग आपल्या हातालाच काय झालं होतं?

डिसेंबरच्या वजनाला दीपा तेरा किलो नऊशे भरली आणि पिवळ्यातून बाहेर आली. सुखीबाईने आकडा मोठ्याने वाचला. नयन अजून पिवळ्यातच होता, शंभर ग्रॅमने. ममताने या वेळी कोणाला काही सुनावलं नाही. ती सुखीबाईला म्हणाली, पुढच्या महिन्यात होईल, आणि तिच्या दुकानाच्या ओट्यावर बसून नयन दिवसभरात केव्हा काय खातो, ते पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं.

त्या दिवशी तुळसाबाई दीपाला न्यायला आली होती. लेकरं पांगल्यावर ती काट्याजवळ रेंगाळली. म्हणाली, माह्यं बी पाह्य वं, मी कधी मोजलंच नाही. लालीबाई हसली. तुळसाबाई चप्पल काढून वर चढली. सदतीस किलो.

ममताने आकडा पाहिला. मोबाइलमध्ये तो भरायला जागा नव्हती. सासूसाठी कुठलाच रंग नव्हता. तिने विचारलं, "आई, तुम्ही दुपारी काय जेवता?"

"एकटीसाठी कायले ताट वाढाचं," तुळसाबाई म्हणाली. "चहा पेतो."

आता दीपा अंगणवाडीत जेवत असल्याने तर तो चहाही एकटीचाच झाला होता. ममता कपाळाला हात लावून बाकावर बसली. तिने सासूला सांगितलं की, उद्यापासून तुम्हीही इथंच येऊन जेवा. तुळसाबाईने साफ नाही म्हटलं. लेकरांच्या वाट्याचं मी खाऊ काय, लोक काय म्हणतील. अर्धा तास वाद झाला. शेवटी लालीबाईने मार्ग काढला. ती स्वतः घरून डबा आणते आणि लेकरं गेल्यावर मागच्या पायरीवर एकटीच खाते. म्हातारीनेही आपला डबा घेऊन यावं.

आता तुळसाबाई रोज दीड वाजता काठी टेकत येते आणि दोघी पायरीवर बसून एकमेकींच्या भाज्यांना नावं ठेवतात. डब्यात मीठ कमी होतं, भाकर कडक होती, वांगं कोवळं नव्हतं, हे सगळं संध्याकाळी ममताला ऐकवलं जातं. पोंग्याची पाकिटं पूर्ण बंद झालेली नाहीत. परवाच दीपाच्या उशीखाली एक सापडलं, आणि विचारलं तर घरातल्या तिघांनाही काही माहीत नव्हतं. ममताला आता एक डबा जास्त करावा लागतो, म्हणून ती पावणेपाचला उठते. त्या डब्यात वरण घातलं की तुळसाबाई म्हणते, भाजी पाहिजे होती. भाजी घातली की म्हणते, रोज काय भाजीच.